फ्यूजच्या जागी तार नाही

मोहटोल्याची शकुबाई नाटकं सोडून घरी बसली ती हौसेनं नाही, घशापायी. दिवाळी सरली, धानाच्या बांध्या रिकाम्या होऊ लागल्या, की मूलपासून पार गडचिरोलीपर्यंत गावोगाव मंडई नावाची जत्रा भरे आणि मंडईला नाटक ठरलेलं असे. त्या नाटकांत शकुबाई कधी राणी झाली, कधी सवत, कधी भोळ्या नवऱ्याची खमकी बायको. लोक बंड्या जुंपून तिचं गाणं ऐकायला येत. मग एका हिवाळ्यात घसा धरला, तो सुटलाच नाही. नागपूरच्या दवाखान्यात गळ्यातली गाठ काढली. जीव राहिला, आवाज गेला. आता ती बोले तेव्हा सुपात कोंडा घोळवल्यासारखं वाटे.

तरी तो आवाज पुरता हरवला नव्हता. तिच्या मंडळीत कोलू नावाचा पेटीवाला होता. एका गावच्या मंडईत रंगमंचाच्या दिव्यांचा फ्यूज सारखा उडत होता, म्हणून कुणीतरी वैतागून फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळून दिली. फ्यूज उडायचा थांबला, आणि ऐन रंगात आलेल्या अंकात वायर तापून पडद्यानं पेट घेतला. कोलूनं जळता पडदा हातांनी ओढून खाली पाडला. माणसं वाचली, पण त्याच्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. पेटी सुटली. पुढं तो प्रत्येक नाटकाला विंगेत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसे आणि शकुबाईची गाणी भरून घेई. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं कॅसेटींची थैली शकुबाईच्या ओटीत आणून टाकली.

त्या कॅसेटी ऐकायला तिनं नागपूरहून स्टिरिओ आणला. एक डेक, एक चांगला जड अ‍ॅम्प्लिफायर आणि कंबरेएवढे दोन लाकडी स्पीकर. टोल्यात, त्या लहानशा वस्तीत, त्याला सगळे 'शकुबाईचा डबा' म्हणत. दिवसभराची कामं आटोपून ती संध्याकाळी डबा लावी आणि ओसरीत डोळे मिटून बसे. शेजारची सत्यशीला शिवणकामाची मशीन दाराशी ओढून तिथूनच ऐके. लोकांच्या चोळ्या-झंपर शिवता शिवता तिला शकुबाईची निम्मी गाणी पाठ झाली होती. सत्यशीलेचा नवरा सोमाजी भैयाजीच्या राईस मिलमध्ये पोती उचलायचा. तो थकून आला की खाटेवर पडून म्हणे, "बाई, तो सवतीचा लावा ना, भांडनाचा."

सत्त्याऐंशी सालच्या त्या हंगामात, नवं धान मिलवर यायला लागलं आणि डबा बंद पडू लागला.

गाणं भरात असायचं आणि एकदम सगळं चूप. मागच्या बाजूला बोटभर लांबीचा काचेचा फ्यूज होता, तो आतून काळा पडलेला असे. शकुबाईनं डबा बाजाराच्या दिवशी मूलला हरिदासच्या दुकानात नेला. हरिदास रेडिओ, टेप दुरुस्त करायचा. त्यानं नवा फ्यूज घातला आणि डबा बाजार उठेपर्यंत वाजत ठेवला. काही झालं नाही. घरी आणला, संध्याकाळी लावला, फट्ट. पुन्हा नेला. हरिदासनं झाकण खोलून ट्रान्सफॉर्मर पाहिला, जळका वास येतो का म्हणून नाक लावलं.

"मशीनले काहीच नाई झालं, बाई," तो म्हणाला. "फ्यूज आपलं काम करून राह्यला. कुठून तरी जास्तीचा जोर येते, तो हा अंगावर घेते. तुमच्या घरची लाईन पाह्यली काय कोनी?"

त्यानं तिला काचेच्या फ्यूजांची एक पुडी बांधून दिली. आणखी एक सांगितलं, की डबा बंद केला तर लगेच चालू करू नका, थोडा दम खाऊ द्या. घाईत बंद-चालू केलं तर चांगला फ्यूजही जातो.

टोल्यात लाईनीचं कळणारा एकच माणूस, भैयाजीच्या मिलवरचा वायरमन पत्रू. शकुबाईनं त्याला बोलावलं. त्यानं अंगणातूनच हसत खिशातून तांब्याची तार काढली.

"काऊन इतका तरास करता, बाई? ह्या फ्यूजच्या जागी हे तार टाकून देतो. जिंदगीभर जानार नाई."

"तार नाई टाकायची," शकुबाई म्हणाली.

"सारे टाकतेत."

"टाकत असतीन. माह्या घरात नाई. तार टाकून वाजवन्यापेक्षा मुकं राहू दे त्याले."

पत्रूनं खांदे उडवले. लाईन तपासायचं मात्र त्यानं नावही काढलं नाही. वर खांबाकडे नजर टाकली आणि सायकलवर टांग मारून गेला.

त्याच सुमारास टोल्यातले बल्बही फटाफट जायला लागले. आज याच्या घरचा, उद्या त्याच्या. ज्या घरात एकच बल्ब, तिथं तो गेला म्हणजे पुन्हा कंदील. लोक चिडले, आणि चीड निघायला जागा सोपी होती. शकुबाई डबा लावते त्याच वेळी बल्ब जातात, हे सगळ्यांनाच दिसत होतं. डबा लाईन ओढतो, डबा लाईन खराब करतो, असं पाणवठ्यावर सुरू झालं. कुणी म्हणालं, नाटकवालीच्या घरी काय चांगलं निघणार. हे बोलणारीनं शकुबाई येताना पाहून घागर उचलली. शकुबाईनं ती तिच्या डोक्यावर ठेवायला हात लावला आणि म्हणाली, "सांभाळून जा, बाई. बोलता बोलता पानी सांडते."

घरी येऊन तिनं चूल पेटवली.

सत्यशीला तिच्याजवळ येऊन टेकली. "बाई, एक गोष्ट मले दिसून राह्यली," ती म्हणाली. "मी बल्बखालीच शिवतो ना. सांजच्याले मिलवरचे नवे दिवे लागले, का माहा बल्ब पांढराफट्ट होते. सुई डोळ्यात घुसल्यावानी उजेड. मंग कधी टिकते, कधी फुटते. तुमचा डबा लावला असो का नसो."

नवे दिवे म्हणजे भैयाजीनं यंदाच खळ्यावर लावलेले. संध्याकाळी धानाचे ट्रक खाली करता यावेत म्हणून खांबाखांबावर मोठाले, पार रस्त्यापर्यंत उजेड पडायचा.

शकुबाईनं त्या संध्याकाळी डबा लावलाच नाही. ओसरीत बसून आपल्या बल्बकडे पाहत राहिली. मिलवर झगमग झाली आणि तिच्या डोक्यावरचा पिवळा उजेड चुन्यासारखा पांढरा झाला.

पुढं काय करायचं ते ती ठरवत होती, तोवर भैयाजीकडूनच बोलावणं आलं.

भैयाजी म्हणजे मिलचा मालक आणि मंडई कमिटीचा अध्यक्ष. शकुबाईच्या नाटकांना तो पहिल्या रांगेत गादी टाकून बसायचा. आज मिलच्या अंगणात खुर्चीवर बसला होता, आजूबाजूला टोल्यातली माणसं उभी. मागं हमालांत सोमाजी होता. शकुबाईला बसायला कुणी काही दिलं नाही, तेव्हा ती धानाच्या पोत्यावर बसली.

"बाई, गावाची तक्रार आहे," भैयाजी म्हणाला. "तुमच्या डब्यापायी लोकायचे बल्ब जाऊन राह्यले. वय झालं आता. भजन करा, देवाचं नाव घ्या. तो डबा बंद ठेवा, नाईतर विकून टाका."

"माह्या डब्यानं जातेत, हे कोनं सांगतलं?"

"पत्रू सांगते. लाईनीचं त्याले समजते का तुमाले?"

पत्रू मिलच्या दाराला टेकून उभा होता. तो खाली पाहत होता.

"मले लाईनीतलं काही समजत नाई," शकुबाई म्हणाली. "पन डोळे आहेत. तुमचे खळ्यावरचे दिवे लागले का आमचे बल्ब पांढरे होतेत. ते पाह्य म्हना त्याले."

भैयाजी हसला. "म्हंजे आता मिल बंद करू काय, तुमच्या गान्यासाठी?"

काही जण हसले. शकुबाई पोत्यावरून उठली. आयुष्यभर माणसांनी भरलेल्या मैदानाकडे तोंड करून उभं राहायची तिला सवय होती. आवाज नव्हता, उभं राहणं होतं. लोक आपोआप गप्प झाले, कारण ती काय म्हणते ते ऐकायला गप्प होणंच भाग होतं.

"उद्या सकाळी मी डबा इथी आनीन," ती म्हणाली. "तुमच्या मिलच्या लाईनीवर लावीन. दिवे लागून ट्रक खाली होईपर्यंत वाजू द्या. तुमच्या लाईनीचं काही बिघडलं तं इथीच, तुमच्यासमोर, माह्या हातानं दगड घालीन त्याच्यावर. अन् नाई बिघडलं तं तुमची लाईन खोलून साऱ्यायले दाखवायची. बोला."

भैयाजीनं इकडे तिकडे पाहिलं. इतक्या लोकांत एका बाईला नाही म्हणणं त्याच्या खुर्चीला शोभणारं नव्हतं.

"आना," तो म्हणाला.

घरी परतताना सोमाजी तिच्यामागून चालत होता. "बंडी मी आनतो, बाई," तो हळूच म्हणाला.

"तू नोको आनू. तुहा मालक आहे तो."

"मालक आहे, बाप नाई," सोमाजी म्हणाला.

सकाळी सोमाजीनं चुलतभावाची बंडी आणली. खाली धानाचं तणस, वर वाकळ, आणि त्यावर अ‍ॅम्प्लिफायर, डेक, दोन स्पीकर. सत्यशीला म्हणाली, "मी घरीच राह्यतो. बल्बायकडे मी पाह्यतो." शकुबाईनं लुगडं नेसलं ते ठेवणीतलं, हिरवं, जरीकाठी. बंडी टोल्यातून गेली तेव्हा लोक दारात आले. ती बंडीच्या पुढच्या बाजूला ताठ बसून होती.

मिलच्या वजनकाट्याजवळच्या पडवीत डबा मांडला. मिल चालू असली की धान भरडायचा धडधडाट एवढा, की गाण्यातलं अवाक्षर ऐकू येईना. फक्त डब्यावरचा लाल दिवा पेटलेला दिसे. लोक येऊन दिवा पाहून जात. भैयाजी आत गादीवर पाठ फिरवून बसला होता.

दुपारी जेवणाला मिल थांबली आणि एकदम तिचा आवाज अंगणभर पसरला. भरदार, मोकळा, चाळिशीच्या आतला. कोंडा झाडणाऱ्या बाया जेवणाचे डबे उघडायच्या थांबल्या. एक म्हातारा हमाल उठून जवळ आला, म्हणाला, "हे तं तुमी गायल्या होत्या, बाई. रानी होत्या. नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं."

"हो," शकुबाई म्हणाली. "अन् मी गेली नव्हती."

तेवढ्यात डबा चूप झाला. लाल दिवा गेला, परत आला, परत गेला. पडवीच्या टोकाला भिंतीवर मिलची मोठी स्विच होती आणि तिच्या दांड्यावर पत्रूचा हात होता. तो ती वर-खाली, वर-खाली करत होता.

"स्विच साफ करून राह्यलो," तो म्हणाला.

शकुबाईनं मागचा फ्यूज काढून पाहिला. काळा. भैयाजी दारात आला होता. "झालं ना, बाई," तो म्हणाला. "इथीही उडाला. आना आता दगड."

शकुबाईनं पुडीतून नवा फ्यूज काढला, उजेडात धरून सर्वांना दाखवला आणि बसवला.

"लाईनीचं काही बिघडलं तं, असं बोलनं झालं होतं," ती म्हणाली. "लाईन बिघडली नाई. पत्रूनं दांडा पंप मारल्यावानी हालवला, ते साऱ्यायनं पाह्यलं. असं केल्यावर कोनताही फ्यूज जाते. माह्याजवळ पुडीभर आहेत. किती उडवता, उडवा."

ती एक रिकामं खोकं ओढत घेऊन गेली, स्विचखाली ठेवलं आणि स्विचकडे पाठ करून त्यावर बसली. दांडा तिच्या डोक्याच्या वर. "आता ज्याले साफ करायचा आहे, त्यानं मले उचलून बाजूले ठेवावं."

पत्रूनं मालकाकडे पाहिलं. भैयाजीनं मान फिरवली. म्हाताऱ्या हमालानं आपली भाकरी तिथंच आणली आणि शकुबाईच्या शेजारी जमिनीवर बसून खायला लागला. मग कोंडा झाडणाऱ्या बायाही येऊन बसल्या. शकुबाईनं डब्याला थोडा दम खाऊ दिला आणि त्यांतल्या एकीला म्हणाली, "दाब वं ते बटन." लाल दिवा लागला, गाणं सुटलं तिथून पुढं चालू झालं.

तिसऱ्या प्रहरी पुन्हा धडधडाट. ती उठली नाही. पाणी प्यायलाही उठली नाही, पाणी तिच्याकडे आलं.

ऊन उतरलं, मिल थांबली आणि धानाचे ट्रक फाटकाशी येऊन उभे राहिले. टोल्यातली माणसं पुन्हा जमली. पत्रू भैयाजीच्या कानाशी लागला, पण अंगण शांत असल्यानं सगळ्यांना ऐकू गेलं. "आज दिवे राहू द्या, भैयाजी. सकाळी खाली करू."

"ट्रक काय रातभर उभे ठेवू? लाव दिवे."

पत्रू हलेना. शकुबाईनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाटकात संवाद विसरलेल्या माणसाचा चेहरा तिनं पुष्कळदा पाहिला होता. पत्रू मात्र संवाद विसरला नव्हता, तो म्हणायला घाबरत होता.

"लाव म्हनून राह्यले ना मालक," ती म्हणाली.

खळ्यावर दिवे लागले. डबा वाजत राहिला. फ्यूज शाबूत. ट्रकची फळी उघडली, हमाल पाठीवर पोती घेऊ लागले. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं.

मग रस्त्यावरून सत्यशीला येताना दिसली. ती पळत नव्हती. दोन्ही हातांत सूप धरून जपून चालत होती. सूप तिनं भैयाजीच्या पायाशी ठेवलं. त्यात फुटलेले, काळे झालेले बल्ब होते.

"आत्ताच गेले," ती म्हणाली. "दिवे लागल्याबरोबर. हा माहा, हे त्या रांगेतल्या घरायचे. बाईचा डबा तं इथी वाजून राह्यला, भैयाजी. टोल्यात कोनाचा डबा होता आज?"

टोल्यातल्या माणसांनी सुपाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांच्या नजरा पत्रूवर जाऊन थांबल्या. पाणवठ्यावर बोलणारी बाई सर्वांत आधी बोलली. "लाईन खोला म्हना. कबूल केलं होतं."

पत्रू मट्कन खाली बसला. "दिवे जोडतानी खांबावरची वापस जानारी तार मी हातानंच पिळली," तो म्हणाला. "पक्की नाई केली. एका सांजेत काम पुरं करा म्हनले होते. सारे दिवे एकाच तारेवर टाकले. मले वाटलं, चालून जाईन."

एका संध्याकाळीत काम उरकायला कुणी सांगितलं होतं, हे विचारायची कुणाला गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून लाईनमन बोलावला. त्यानं लाईन बंद करून मिलमागच्या खांबावरचा जोड खोलला आणि तो खाली टाकला. तार काळी, जळून ठिसूळ झालेली, बोटानं दाबली तर मोडत होती. लाईनमननं समजावलं, की ही तार ढिली असली म्हणजे मिलवर दिवे लागले की सगळा जोर टोल्याच्या घरांवर चढतो. बल्ब फुटतात, आणि बाईच्या डब्यात फ्यूज आहे म्हणून तो फ्यूज आधी जातो. "त्याच्या जागी तार टाकली असती तं मशीन पेटली असती," तो म्हणाला. "कदाचित घरही." जोड नवा झाला, दिवे वेगवेगळ्या तारांवर वाटले गेले. त्या संध्याकाळी दिवे लागले, आणि टोल्यातले बल्ब पिवळेच राहिले.

भैयाजीनं माफी मागितली नाही. पत्रूला कामावर ठेवलं, पण सोमाजीला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. बंडी आणल्याचं कारण त्यानं दिलं नाही, द्यायची गरज नव्हती. सोमाजी सायकलनं मूलच्या एका मिलवर जाऊ लागला. तो संध्याकाळी उशिरा, धुळीनं माखून परत यायचा. शकुबाईला ते रोज दिसे. तिनं एकदा सत्यशीलेला म्हटलं, "माह्यापायी झालं हे." सत्यशीला दोरा दातानं तोडत म्हणाली, "तुमच्यापायी नाई, भैयाजीपायी. ज्याचं त्याच्याच खात्यात राहू द्या."

मंडईचे दिवस आले. कमिटीची दोन माणसं शकुबाईच्या ओसरीत येऊन बसली. यंदा नाटकाच्या आधी तुमचा सत्कार करू म्हणाली. शाल, नारळ, भैयाजीच्या हस्ते. गावाची कलावंत म्हणून.

शकुबाईनं त्यांना चहा दिला. "भैयाजीले सांगा," ती म्हणाली, "पहिले सोमाजीले कामावर बोलवा. मंग शाल."

"ते वेगळं, बाई, हे वेगळं."

"माह्यासाठी एकच आहे."

त्यांनी सोमाजीलाच पुढं केलं. तो तिला म्हणाला, "जा ना, बाई. माहं काही अडलं नाई. मूलचा मालक बरा आहे." ती म्हणाली, "तुहं नाई अडलं, माहं अडलं." निरोप गेला, उत्तर आलं नाही.

मंडईच्या दिवशी मैदानावर पेट्रोमॅक्स आणि लायटिंग झाली, कर्ण्यावर भैयाजीचं भाषण सुरू झालं. शकुबाईनं ओसरीत डबा लावला आणि आवाजाचं बटण होतं तिथून पुढं फिरवलं. सत्यशीलेनं मशीनवर कापड झाकून ठेवलं आणि चटई अंथरली. सोमाजी हातपाय धुऊन आला. मग ती पाणवठ्यावरची बाई आली, म्हातारा हमाल आला, मैदानाकडे निघालेली चार-दोन माणसं रस्त्यातच वळून अंगणात बसली. भाषणाचे तुटक शब्द वाऱ्यावर येत होते.

"कोनता लावू?" शकुबाईनं विचारलं.

"भांडनाचा," सोमाजी म्हणाला.